कामावरून काढण्याआधीचा कागद

या वेळी आलेली बहुतेक पत्रे मालकांची आहेत. मुदखेड, बारड, मुगट या पट्ट्यातला रोजगार म्हणजे केळी, हळद, फुले, शाळा, पतसंस्था आणि स्टेशनजवळची दुकाने. इथे मालक नोकराला पोरवयापासून ओळखतो, त्याच्या बहिणीच्या लग्नाला उचल देतो आणि रागाच्या भरात ‘उद्यापासून येऊ नको’ हेही तोंडीच सांगतो. नेमणूक तोंडी, पगारवाढ तोंडी, बडतर्फीही तोंडी. खटला मात्र कागदावर चालतो, आणि पत्रे येतात ती तेव्हा.

शंका : माझे केळी पिकवण्याचे चेंबर आहे. रात्रपाळीचा ऑपरेटर झोपला, कूलिंग बंद पडलेले त्याला कळलेच नाही आणि सकाळपर्यंत एका चेंबरमधला सगळा माल काळा पडला. त्याच सकाळी त्याला घरी पाठवले. कॅमेऱ्यात तो झोपलेला स्पष्ट दिसतो. आता त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे. कामावर झोपणे हे काढून टाकायला पुरेसे कारण नाही का? – चेंबरमालक, मुदखेड

समाधान : कधी असते, कधी नसते. महाराष्ट्रातून गेलेल्या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने दोन वेगळी उत्तरे दिली आहेत. दोन्ही प्रकरणे झोपेचीच होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिले पुण्याच्या भारत फोर्जचे. २६ ऑगस्ट १९८३, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटे. एक हेल्पर लोखंडी प्लेटवर गाढ झोपलेला सापडला. कंपनीने त्याला आरोपपत्र दिले, खातेनिहाय चौकशी केली आणि बडतर्फ केले. कामगाराचे म्हणणे असे, की चूक मान्य केली तरी झोपेसाठी नोकरी घालवणे फार झाले. प्रकरण या न्यायालयातून त्या न्यायालयात फिरत राहिले आणि जानेवारी २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. कंपनीच्या बाजूने वजन कशाचे पडले? ही पहिली वेळ नव्हती. त्याआधी तीनदा त्याच्यावर कारवाई होऊन किरकोळ शिक्षा झाली होती आणि प्रत्येक वेळची नोंद कंपनीकडे होती. न्यायालयापुढे एका दिवसाची झोप नव्हती, चौथ्या वेळची बेपर्वाई होती.

दुसरे कलर-केम या कंपनीचे, निकाल १९९८चा. तिथे रात्रपाळीत झोपलेल्या कामगारांना कंपनीने बडतर्फ केले. चौकशी झाली होती, झोप सिद्धही झाली होती. तरीही ही शिक्षा धक्कादायकपणे अवाजवी ठरली आणि असे काढणे ही महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्याखाली ‘अनुचित कामगार प्रथा’ आहे असे न्यायालयाने म्हटले. तो कायदाच सांगतो, की शिक्षा ठरवताना गैरवर्तन कोणत्या स्वरूपाचे आहे आणि कामगाराची आधीची नोकरी कशी झाली, हे दोन्ही पाहावे लागते.

आता आपले प्रकरण कुठे बसते ते पाहा. आपल्याकडे भारत फोर्जसारखा इतिहास नाही. कदाचित तो माणूस आधीही झोपला असेल, आपण चार शब्द सुनावून सोडूनही दिले असेल. पण त्याचा कागद नाही, म्हणजे कायद्याच्या नजरेत ते घडलेच नाही. आणि कलर-केमने निदान चौकशी तरी केली होती, आपण तीही केली नाही. आपली एकच जमेची बाजू आहे. आपल्याकडे झोपेमुळे प्रत्यक्ष माल गेला. चेंबरचे तापमान राखणे हेच त्याचे काम होते आणि तेच त्याने सोडले, हा मुद्दा जोरकस आहे. पण तो मांडायला जागा हवी, आणि ती जागा म्हणजे चौकशी.

चौकशी म्हटले की लोकांना मोठ्या कंपन्यांचे खटले आठवतात. सहा माणसांच्या चेंबरलाही ती जमते. आरोप नेमका लिहून द्यायचा : तारीख, वेळ, काय घडले, किती माल गेला. उत्तराला मुदत द्यायची. साक्षीदार त्याच्यासमोर बोलवायचे, त्यांना प्रश्न विचारू द्यायचे, त्याचे साक्षीदार ऐकायचे आणि शेवटी कारणे देऊन निष्कर्ष लिहायचा. सूर एनॅमल कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली घालून दिलेली चौकट हीच आहे. चौकशी करणारा माणूस तक्रारदार नसावा. आपणच पकडले, आपणच तपासले आणि आपणच निकाल दिला, तर ती चौकशी वाचायलाही कोणी बसणार नाही.

नोटीस आलीच आहे तर दोन वाटा आहेत. पहिली, त्याला लेखी पत्र देऊन कामावर परत बोलवा आणि चौकशी आता सुरू करा. अहंकाराला हे जड जाते, मला ठाऊक आहे. पण पुढे निकाल विरुद्ध गेला तर मधल्या काळाच्या पगाराचे ओझे या पत्राने बरेच हलके होते. दुसरी वाट, लढायचे ठरवले तर पहिल्याच लेखी कैफियतीत स्पष्ट लिहायचे, की चौकशी झालेली नसल्यास किंवा सदोष ठरल्यास आम्ही गैरवर्तन न्यायालयापुढे सिद्ध करू, तशी संधी द्यावी. कर्नाटक एसटी महामंडळाच्या लक्ष्मीदेवम्मा प्रकरणात, २००१मध्ये, घटनापीठाने हा हक्क वेळेवर मागायला हवा असे सांगितले आहे. वकील हे वाक्य विसरला तर कॅमेऱ्याचे चित्रण हातात असूनही उपयोग होणार नाही. ते चित्रण आजच वेगळे उतरवून ठेवा. बहुतेक यंत्रे काही दिवसांनी जुने पुसून त्यावर नवे लिहितात.

आणखी एक. आपण पत्राच्या कोपऱ्यात विचारले आहे, की केळीची किंमत त्याच्या थकीत पगारातून कापू का? न विचारता कापू नका. नुकसानीपोटी पगार कापण्याआधी त्याला म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. ती न देता कापलात, तर झोपेच्या खटल्यात आपल्या हाताने दुसरा खटला जोडाल.

शंका : आमच्या संस्थेच्या शाळेतील एका शिक्षकाबद्दल पालकांच्या तक्रारी आहेत. त्यांना निलंबित केले आहे. चौकशी समिती वगैरे भानगडीपेक्षा समजुतीने राजीनामा लिहून घ्यावा असा संचालकांचा आग्रह आहे. यात काही अडचण? – सचिव, शिक्षण संस्था, बारड

समाधान : सचिवसाहेब, अडचण मोठी आहे, आणि ती आपल्याच विभागातल्या एका निकालाने देशभर गाजवली.

औरंगाबादच्या एका खासगी प्राथमिक शाळेतील शिक्षिकेला व्यवस्थापनाने आधी निलंबित केले आणि जून २००७मध्ये सेवेतून काढले. त्या औरंगाबादच्या शाळा न्यायाधिकरणात गेल्या. न्यायाधिकरणाने २००९मध्ये बडतर्फी रद्द केली आणि मधल्या काळाचा पूर्ण पगार द्यायला सांगितले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोकरी राखली, पण मागचा पगार काढून घेतला. संस्थेला हायसे वाटले असेल. १२ ऑगस्ट २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा आदेश पूर्ववत केला. ‘दीपाली गुंडू सुरवसे विरुद्ध क्रांती ज्युनिअर अध्यापक महाविद्यालय’ या नावाने हा निकाल आज देशातल्या जवळपास प्रत्येक कामगार न्यायालयात दाखवला जातो.

त्याचा गाभा असा. काढणे बेकायदा ठरले, तर नोकरी आणि मागचा पगार हा सर्वसाधारण नियम. आपण दुसरीकडे कमावत नव्हतो, एवढे कर्मचाऱ्याने सांगायचे. तो कमावत होता असे म्हणायचे असेल, तर ते मांडायचे आणि सिद्ध करायचे काम मालकाचे. त्याआधीच्या काही निकालांमुळे मालकांची समजूत झाली होती, की कामच केले नाही तर पगार कशाचा, आणि फार तर पंचवीस टक्क्यांवर भागेल. सर्वोच्च न्यायालयाने उलट विचारले : चूक मालकाची असताना त्याला पगार वाचवण्याचे बक्षीस का द्यायचे? मला हा निकाल कडक वाटतो, पण न्याय्य वाटतो. दोन वर्षांत संपावा असा वाद सहा वर्षे लांबवणाऱ्याकडेच सहसा पैसा आणि वकील असतात.

आता राजीनाम्याचे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या १९७७च्या कायद्यात राजीनाम्यासाठी स्वतंत्र कलम आहे, सातवे. राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर्ड पोस्टाने, दुसरी स्वतःजवळ. विधिमंडळाने एवढा तपशील उगाच घातला नाही. नेमणुकीच्या दिवशीच कोऱ्या कागदावर सही घेऊन कपाटात ठेवण्याची रीत महाराष्ट्रात किती जुनी आहे, हे कायदा करणाऱ्यांना माहीत होते. संचालकांच्या बैठकीत, चार जण समोर बसलेले असताना, हातात दिलेला राजीनामा न्यायाधिकरणापुढे उभा राहणे कठीण. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. तरी पोचपावतीसह टपालाने येणे हा त्या कलमाचा जीव आहे.

चौकशी समितीला आपण भानगड म्हणता, पण तीच आपले संरक्षण आहे. नियम ३६प्रमाणे समितीत तिघे असतात : एक व्यवस्थापनाचा, एक त्या शिक्षकाने सुचवलेला कोणत्याही खासगी शाळेतील कर्मचारी आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला शिक्षक. तिसरा माणूस शोधायचा कंटाळा म्हणून संस्था आपल्याच ओळखीचा कोणी बसवतात आणि तिथेच सगळे कोसळते. निलंबन काळातला निर्वाह भत्ता दर महिन्याला द्या. भत्ता अडवून माणसाला चौकशीला यायलाही महाग केले, तर चौकशी रद्द होण्याचे ते सबळ कारण ठरते. कारवाईनंतर शिक्षकाला न्यायाधिकरणात जायला तीस दिवस असतात. निकाल विरुद्ध गेल्यास मागची रक्कम संस्थेच्या अनुदानातून वळती करावी अशी शिफारस न्यायाधिकरण शासनाला करू शकते. हे वाक्य संचालकांच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

पालकांच्या तक्रारी खऱ्या असतील, तर समितीपुढे पालकांना आणा. ते येणार नसतील, तर तक्रारी किती खऱ्या हा प्रश्न आधी स्वतःला विचारा.

शंका : फुलांचा व्यापार आहे. माल भरायला, गजरे-हारांची मोजणी करायला सहा मुले रोजंदारीवर आहेत, काही चार वर्षांपासून. धंदा मंदावला, दोघांना कमी करायचे आहे. रोजंदारीवाल्याला नोटीस लागते का? २४० दिवस भरू नयेत म्हणून मी मधे पंधरा दिवस घरी बसवतो, ते चालते ना? – फूलव्यापारी, मुदखेड

समाधान : रोजंदारी, हंगामी, कायम हे शब्द आपल्या वहीतले. कायदा दिवस मोजतो. बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले, की एक वर्षाची सलग सेवा धरतात, आणि त्या २४०मध्ये पगारी साप्ताहिक सुट्ट्या व पगारी सणसुद्धा येतात. अमेरिकन एक्स्प्रेसच्या प्रकरणात १९८५ साली हे ठरले. वर्षात पंधरा दिवस घरी बसवले तरी बाकीचे दिवस सहज २४०च्या पुढे जातात, तेव्हा आपली युक्ती गणितातच नापास आहे. वर, मुद्दाम तात्पुरते ठेवण्याचा हेतू त्यातून उघडा पडतो. आपल्या एसटी महामंडळाच्या सफाई कामगारांना वर्षानुवर्षे तुटपुंज्या मजुरीवर असेच ठेवले होते. औद्योगिक न्यायालयाने त्यांना कायम करायला सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये, कास्ट्राइब संघटनेच्या प्रकरणात, ते उचलून धरले. ज्या उमादेवी निकालाचा आधार घेऊन सरकारी कार्यालये सगळ्यांना नकार देत होती, तो निकाल अनुचित प्रथा थांबवण्याचा कामगार न्यायालयांचा अधिकार काढून घेत नाही, असे तिथे स्पष्ट झाले.

दोघांना कमी करायला बंदी नाही. एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांची मजुरी भरपाई. मजुरी ५०० रुपये आणि सेवा चार वर्षे धरली, तर भरपाईच ३०,००० होते, नोटिशीचा पगार वेगळा. ही रक्कम काढतानाच हातात पडायला हवी. ‘पाडव्याला हिशेब करू’ चालत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील दोन वॉर्ड सेविकांना भरपाई न देता कमी केले होते. न्या. गजेंद्रगडकर यांनी १९६० साली ते कमी करणेच निरर्थक ठरवले. साठ-पासष्ट वर्षे होऊन गेली, आणि मालक अजून याच खड्ड्यात पडतात.

कोणाला काढायचे? सर्वसाधारणपणे शेवटी आला तो आधी जातो. उलट करायचे असेल, तर कारण लिहून ठेवा. पुढच्या लग्नसराईत माणसे लागली, तर आधी या दोघांना बोलवावे लागेल.

२४० दिवस भरले हे सिद्ध करायचे काम कामगाराचे. पण तो शपथेवर बोलला, त्याने आपला हजेरीपट मागितला आणि आपण ‘आमच्याकडे मस्टर नाही’ म्हणालात, तर न्यायाधीश काय समजायचे ते समजतात. एक साधी वही, रोजची सही किंवा अंगठा, उचलीची नोंद. एवढ्यावर निम्मे खटले उभेच राहत नाहीत.

शंका : दुकानातला माणूस न सांगता गावी गेला. महिना झाला, फोन बंद. वहीतून नाव कमी केले. आता परत येऊन कामावर घ्या म्हणतो. – किराणा व्यापारी, मुगट

समाधान : न विचारता नाव कमी करणे म्हणजे काढून टाकणेच, मग वहीत काहीही लिहा. डी. के. यादव प्रकरणात कंपनीच्या स्थायी आदेशांत तसे कलम असूनही, म्हणणे न ऐकता नाव कमी करणे १९९३मध्ये बेकायदा ठरले. गैरहजर माणसाच्या घरच्या पत्त्यावर टपालाने पत्र पाठवायचे, अमुक तारखेला हजर व्हा, न येण्याचे कारण कळवा. फोनवरचा निरोप चालत नाही असे नाही, पण तो सिद्ध कोण करणार? आपल्याकडे पत्र नाही, तेव्हा घ्या त्याला कामावर, आणि गैरहजेरीचा जाब लेखी विचारा. वडील दवाखान्यात होते असे निघाले, तर आपल्यालाच बरे वाटेल.

शंका : पतसंस्थेच्या रोखपालाने अपहार केला. बडतर्फ केले, रीतसर चौकशीही झाली. अठरा वर्षांची ग्रॅच्युइटी आता तो मागतो. पोलीस केस अजून चालू आहे. शिक्षा होईपर्यंत अडवता येते का? – अध्यक्ष, पतसंस्था

समाधान : आपण चौकशी केली, त्यामुळे आपली बाजू या टपालातली सर्वात भक्कम. फौजदारी शिक्षेची वाट पाहावी लागते अशी समजूत काही वर्षे होती. फेब्रुवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दूर केली. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या त्या प्रकरणाबरोबर आपल्या एसटीच्या, तिकिटाचे पैसे खाल्लेल्या वाहकांची प्रकरणेही होती. नैतिक अधःपतनाचे कृत्य चौकशीत सिद्ध झाले, तर ग्रॅच्युइटी जप्त करायला फौजदारी शिक्षा लागत नाही, असे ठरले. पण पुढचे वाचा. वाहकांच्या बाबतीत न्यायालयाने फक्त पंचवीस टक्के जप्ती मान्य केली, बाकीची रक्कम द्यायला सांगितली. रक्कम लहान, सेवा लांब, हे पाहिले गेले.

शेवटचा पगार १३,००० असेल तर वर्षाला १५ भागिले २६ या हिशेबाने ७,५०० रुपये, अठरा वर्षांचे १,३५,०००. जप्ती आपोआप होत नाही. त्याला नोटीस द्या, म्हणणे ऐका, अपहार किती, जप्ती किती आणि का, याचा वेगळा आदेश काढा. नुसते ‘अपहारात वळते केले’ असे खतावणीत लिहून मोकळे झालात, तर व्याजासह द्यावे लागेल.

शंका : २१ नोव्हेंबर २०२५पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. मग हे जुने निकाल रद्दीत का? – कर सल्लागार, नांदेड

समाधान : नाही. महिन्याची नोटीस, वर्षाला पंधरा दिवस, शेवटी आला तो आधी, हे नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे, त्यामुळे त्यावरचे निकाल वाचावेच लागतील. बदलले ते असे : प्रत्येकाला नेमणूकपत्र, काढले किंवा त्याने सोडले तर दोन कामाच्या दिवसांत थकीत पगार, ठरावीक मुदतीच्या कामगाराला वर्षभरानंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी, आणि काढल्यानंतर वाद घेऊन जायला तीनऐवजी दोन वर्षे. आपल्या अशिलांना नेमणूकपत्राचे आजच सांगा.

शंका : मी साखर कारखान्यात हंगामी. पट्टा पडला की घरी. सहा हंगाम केले, या वेळी बोलावलेच नाही. माझी भरपाई किती? – वाचक, मुदखेड तालुका

समाधान : हंगाम संपला म्हणून घरी बसवणे ही कायद्याने कामगार कपात नाही, म्हणून त्याची भरपाई मिळत नाही. रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये हेच सांगितले. तिथे तुमची बाजू पडते. पण हंगामी कामगारांबद्दल न्यायालयाने मालकावर एक जबाबदारी टाकली आहे : हंगामी कामगारांची नोंदवही ठेवायची आणि नवा हंगाम सुरू होताना ज्येष्ठतेप्रमाणे त्यांनाच आधी घ्यायचे. तेव्हा तुमचा प्रश्न भरपाईचा नाही, तुमच्यामागून आलेल्याला घेतले का हा आहे. घेतले असेल, तर वेळ घालवू नका. १९७१च्या कायद्याखाली तक्रारीची मुदत नव्वद दिवसांची आहे. कारखान्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, सहाही हंगामांच्या पगारचिठ्ठ्यांच्या झेरॉक्स जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का मारायला नकार दिला, तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा.